सदरच्या हॉटेलातले दोन सूप

आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी संपादकबाईंचा फोन आला. "काकू, जुन्या जबलपुरातली तुमची आवडती हॉटेलं... असं काहीतरी हलकंफुलकं लिहून द्या ना." म्हटलं, अच्छा, चलो, देते लिहून. खाण्याचा विषय निघाल्यावर मी कशाला मागे राहते!

बसले लिहायला. फुहारा चौकातली खव्याची जिलेबी – काळी, जड, दोन खाल्ल्या की संध्याकाळी स्वयंपाकाला सुट्टी. राइट टाउनच्या आमच्या शाळेसमोरच्या ठेल्यावरचे मंगोडे, म्हणजे मूगडाळीची भजी; चटणी अशी जहाल की डोळ्यांतून धारा लागायच्या, तरी मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्या मास्तरणी तिथे हजर. तिलवाऱ्याचा पूल ओलांडला की नागपूर रोडवर एक ढाबा होता, त्याचं बाटी-भरता. इथवर भराभर झालं. मग सदरच्या, म्हणजे छावणीच्या बाजारातल्या, त्या हॉटेलाची पाळी आली आणि पेन अडलं. तीन दिवस अडलं. खरं तर यादीत पहिला नंबर त्याचाच. पण त्याच्याबद्दल लिहायचं तर ती गोष्ट आलीच, आणि ती काही हलकीफुलकी नाही.

मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे. करणी, अंगात येणं, दारावरची लिंबू-मिरची यावरून मी पोरांनाच काय, त्यांच्या आयांनाही झापलेलं आहे. त्या आया आता हे वाचून हसणार. हसू द्या. मी जे पाहिलं ते लिहिते, वाढवून एक अक्षर नाही.

एकाहत्तरची लढाई सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले होते. माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष. आम्ही कांचघर मोहल्ल्यात राहायचो – सासूबाई, माझी नणंद शालू, हे आणि मी. शालू तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला. हे दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, फिलिंग सेक्शनला, म्हणजे गोळ्यांमध्ये दारू भरायचं काम. कुठली फॅक्टरी ते लिहीत नाही. जबलपुरात फॅक्टऱ्या काय कमी आहेत! त्या पिवळ्या दारूने ह्यांची बोटं कायम पिवळी असायची. साबण, राख, लिंबू, सगळं घासून झालं, रंग जायचा नाही. सेक्शनमध्ये शिरताना आपले बूट बाहेर काढायचे आणि तिथले बिनखिळ्यांचे बूट घालायचे, ठिणगी उडायला नको म्हणून. ह्यांच्या बाजूच्या टेबलावर बैजनाथ नावाचा कटनीकडचा माणूस होता. दिवाळीला आमच्याकडे येऊन त्याने अकरा अनारसे खाल्ले होते आणि वर सासूबाईंना म्हणाला होता, "अम्मा, इसमें तो नशा है."

तर ते हॉटेल. महिन्यातून एका रविवारी हे मला तिथे घेऊन जायचे. सासूबाईंना सांगायचं, "ग्वारीघाटला नर्मदेवर जाऊन येतो," आणि रिक्षा वळायची सदरकडे. टेबलावर कडक पांढरा क्लॉथ, काट्या-चमच्यांचा तो बारीक किणकिणाट, पागोटं बांधलेले म्हातारे बेअरा चाचा. ठरलेलं टेबल खिडकीजवळचं, ठरलेली ऑर्डर – टोमॅटो सूप, मटण कटलेट, शेवटी पुडिंग. ह्यांची एक खोड होती. सूपबरोबरच्या स्लाइसच्या चारी कडा सोलून काढायच्या आणि बशीच्या काठाला चौकोन करून मांडून ठेवायच्या. मी म्हणायची, "घर बांधून राहिले का?" ते म्हणायचे, "क्वार्टर तर मिळत नाही, मग इथेच बांधतो."

त्या रविवारी आमच्या लग्नाचा पहिला वाढदिवस होता. आणि हे सकाळी साताला डबा घेऊन फॅक्टरीत. लढाई होती, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. मला कळत नव्हतं असं नाही. पण तेवीस वर्षांची होते, डोक्यात राख घातली. शालूला म्हटलं, "चल, आज आपण दोघीच जाऊ. रोज काय ह्यांच्याच मर्जीने जेवायचं?" ती एका पायावर तयार.

सव्वा बाराला आम्ही पोचलो. ब्लॅकआऊटसाठी खिडक्यांना काळे कागद लावलेले, म्हणून भर दुपारी आत बल्ब लावले होते. चाचा लगबगीने पुढे आले आणि म्हणाले, "आइए बाई साहब. साहब अभी हाथ धोने उठे हैं."

मी म्हटलं, "कौन साहब?"

"अपने साहब, और कौन!"

मी टेबलाकडे पाहिलं. आमचंच टेबल. खुर्ची मागे सरकलेली. एक सूप अर्धं प्यालेलं, आणि बशीच्या काठावर स्लाइसच्या चार कडा... चौकोन करून. टेबलक्लॉथच्या टोकाला पिवळा अंगठा उमटलेला. आणि समोरच्या जागी दुसरं सूप. भरलेलं, न शिवलेलं, वरून अजून वाफ निघत होती.

"ये दूसरा किसका?"

चाचा जरा घुटमळले. "बोले, दो लाओ, कोई आने वाला है। हम समझे आप ही आ रही हैं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई साहब, आज साहब के पाँव में जूते नहीं थे। हमने पूछा नहीं... मन्नत-वन्नत होगी."

अनवाणी असल्याचं मी ऐकलंच नाही म्हणा ना. माझ्या डोक्यात एकच – मला सुट्टी नाही म्हणून सांगितलं, आणि इथे दुसऱ्या कोणासाठी सूप मागवून बसले आहेत! वर्षभराच्या बायकोला याहून दुसरं काय सुचणार? हात धुवायच्या जागेकडे जाऊन आले. कोणी नव्हतं. मागच्या दाराला कडी होती. आम्ही पंधरा मिनिटं थांबलो. कोणी आलं नाही. समोरच्या सूपवर साय धरली. शालू हळूच म्हणाली, "वहिनी, दादा असा करणारच नाही." मी म्हटलं, "मग हे घर कोणी बांधलं ताटलीत?"

तशीच बाहेर पडले आणि रिक्षावाल्याला फॅक्टरीचं गेट सांगितलं. पाऊण तासाचा रस्ता. अर्ध्या वाटेपर्यंत संतापाने फणफणत होते – आत गेलेल्यांचे बिल्ले गेटवर टांगलेले असतात, त्यांत ह्यांचा नसला ना, तर आज कांचघरला परत जायचंच नाही, तडक नागपूर! मग काय झालं सांगता येत नाही. राग उतरला आणि त्या जागी भीती येऊन बसली. रिक्षावाल्याला म्हणत राहिले, "भैया, जल्दी करो ना, जल्दी!" शालू माझ्याकडे बघत होती.

गेटवरच्या दरबानाने विचारलं, "किसको बुलाना है, बहनजी?"

आमच्या काळी नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. तिथे चार बंदूकवाल्यांसमोर मी ह्यांचं पूर्ण नाव सांगितलं, जीभ अडखळत. त्याने रजिस्टर पाहिलं, मागच्या फळीकडे पाहिलं. "सुबह सात से अंदर हैं। बिल्ला यहीं टँगा है। बाहर कोई नहीं गया."

आत आहेत तर हॉटेलात कोण होतं? मी म्हटलं, "बुला दीजिए, दो मिनट." तो म्हणाला, "लड़ाई चल रही है बहनजी, दो मिनट के लिए कोई नहीं आता। कोई मर-वर गया हो तो अलग बात है."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं – "उनकी माँ नहीं रहीं."

शालू किंचाळलीच. "वहिनी! काय बोलून राहिली तू!" आणि जी हमसाहमशी रडायला लागली, ती भीतीने, पण दरबानाला काय ठाऊक! त्याने हात जोडले आणि फोन फिरवला.

वीस मिनिटं लागली. अखेर हे धावत आले. डोळे लाल, केस विस्कटलेले. आणि अनवाणी. सेक्शनचे बूट काढले आणि स्वतःचे घालायला थांबलेच नव्हते. मी त्यांच्या पायांकडेच बघत राहिले. चाचांचे शब्द तेव्हा खरे कानात शिरले.

"कशी गेली आई? सकाळी तर चांगली होती... चल, चल लवकर. बैजनाथला डब्यावरून उठवून बसवलं माझ्या जागेवर."

शालूनेच सांगितलं, "दादा, आई चांगली आहे. घरी मेथी निवडून राहिली आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावलेसुद्धा नाहीत. नुसतं विचारलं, "काहून सांगितलं तू असं?"

मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तो आवाज झाला. आधी पायाखालची जमीन हलली, मग आवाज. गेटच्या चौकीची काच खळ्ळकन खाली आली. पलीकडे झाडांच्या वर पिवळट धूर चढला. हे धुराकडे बघत होते, आणि मला समजलं की ती शेड त्यांच्याच सेक्शनची आहे. "बैजनाथ!" म्हणून ओरडले आणि तसेच अनवाणी परत आत पळाले. दरबानाने गेट लावून घेतलं.

घरी पोचलो तर दारात गर्दी. सासूबाई गेल्याची बातमी फॅक्टरीतून आमच्या आधी कांचघरला पोचली होती. शेजारणी पदर डोळ्यांना लावून आलेल्या, आणि मधोमध सासूबाई, सगळ्यांना चहा करून देत होत्या. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून इतकी रडले की त्यांना वाटलं मुलगाच गेला. सगळं कळल्यावर ती माउली एवढंच म्हणाली, "अगं, मला शंभरदा मार, पण त्याला असंच बाहेर काढत जा." नंतर मात्र जन्मभर चिडवलं मला. नर्मदामैयाच्या नावाखाली कटलेट खाल्ले त्यावरूनही, आणि मेल्यावरूनही. शेवटच्या आजारातसुद्धा म्हणाल्या, "या खेपेला खरं सांग हो गेटवर."

हे दुसऱ्या दिवशी सकाळी आले. बैजनाथ वाचला नव्हता. त्याचा अर्धा खाल्लेला डबा ह्यांनीच त्याच्या गावी पोचवला.

पंधरा दिवसांनी मी शालूला घेऊन चाचांकडे गेले. मालकाला विचारलं, दुसऱ्या बेअऱ्याला विचारलं. दुसरा म्हणाला, मी आतल्या बाजूला होतो. टेबलक्लॉथ धोब्याकडून धुऊन आला होता. चाचा मात्र ठाम. "बाई साहब, साल भर से साहब को सूप पिला रहे हैं। आदमी वही थे." मी त्या टेबलाकडे पाहूही शकले नाही. त्यानंतर त्या हॉटेलाची पायरी चढले नाही.

ह्यांना मी सगळं सांगितलं होतं – खुर्ची, कडांचा चौकोन, पिवळा अंगठा, अनवाणी पाय. एक सांगितलं नाही. दुसरं सूप. कारण ते सांगायचं तर माझ्या मनात तेव्हा काय आलं होतं तेही सांगावं लागलं असतं, आणि त्याची मला लाज वाटायची. ही लाज मी सदतीस-अडतीस वर्षं बाळगली.

हे रिटायर झाल्यावर बऱ्याच वर्षांनी एकदा तिलवाऱ्याच्या ढाब्यावर जेवत होतो. चांगली ऊन-ऊन दुपार. कशावरून तरी विषय निघाला आणि मी हसत हसत सांगून टाकलं, "तुम्हाला माहीत आहे का, त्या दिवशी मी गेटवर तुम्हाला वाचवायला आलेच नव्हते. पकडायला आले होते! समोर दुसरं सूप होतं ना. म्हटलं, कोण बया येऊन राहिली आहे!"

मला वाटलं हसतील. त्यांनी हातातली बाटी ताटात ठेवली.

"दोन होते?"

"हो. एक अर्धं प्यालेलं. एक भरलेलं."

मग म्हणाले, "त्या दिवशी सकाळी, गेटच्या लाइनीत, बैजनाथ माझ्या मागे उभा होता. म्हणाला, भैया, हमको भी एक दिन उस कपड़े वाली टेबल पर बिठा दो. मी म्हटलं, चल, पुढच्या सुट्टीला. तुझं सूप माझ्याकडून."

जेवण तसंच टाकून आम्ही उठलो. परत येताना पुलावर त्यांनी स्कूटर थांबवली, नर्मदेला हात जोडले, आणि आम्ही घरी आलो.

आता हे नाहीत. शालू आहे, पुण्याला असते, फोनवर विचारा हवं तर. चार कडांचा चौकोन तिनेही पाहिला. हॉटेलाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. कोणी म्हणतं चाचांना भास झाला, कोणी म्हणतं माझं इंट्यूशन. मग चाचांना सकाळपासून बूट घालून आत असलेल्या माणसाचे अनवाणी पाय दीड तास आधी दिसले कसे? मला उत्तर सापडलेलं नाही, आणि विज्ञानाच्या बाईने खोटं उत्तर देऊ नये.

लोक म्हणतात, नशीबवान हो तुम्ही, नवरा परत मिळाला. आहेच मी नशीबवान. पण आजही कुठे टोमॅटो सूप समोर आलं की मला ते भरलेलं सूप दिसतं, आणि दरबानाचा प्रश्न ऐकू येतो – किसको बुलाना है, बहनजी? टेबलावर दोघांचं मांडलेलं होतं. मी एकच नाव घेतलं.