रंगवलेले डोळे

माझी लेक जुने फोटो दुरुस्त करते. लहानपणापासून प्रत्येक वस्तू डोळ्यांजवळ नेऊन बघायची, म्हणून तिचे बाबा तिला ‘भिंग’ म्हणतात. चांगली नोकरी सोडून ती मागच्या खोलीत स्कॅनर मांडून बसली, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर आहे. चष्म्याचा नंबर वाढतोय, जेवणाची वेळ नाही. काही म्हटलं की विचारते, “आई, तुझ्या कपाळावरच्या आठ्या पुसून देऊ का?”

गेल्या महिन्यात एक म्हातारे शिंपीकाका एक कृष्णधवल फोटो घेऊन आले. तरुण बाई आणि तिच्या मांडीवर तान्ही मुलगी. बाई म्हणजे त्यांची आई, आता नव्वदीची, अंथरुणाला खिळलेली. मुलगी त्यांची थोरली बहीण. ती त्यांच्या जन्माआधीच गेली. फोटोला बुरशी लागली होती. आईला नीट दिसेल असा मोठा, स्वच्छ करून हवा होता, आणि लवकर.

भिंग एकेक डाग काढत गेली. बाळाच्या डोळ्यांवर ब्रशचे बारीक फटकारे दिसले. कुणीतरी नंतर गिरवलंय असं समजून तिने तो पातळ रंग स्क्रीनवर फिका करत नेला. खाली पापण्या होत्या, मिटलेल्या.

तिने मला हाक मारली. फोटो काढला तेव्हा बाळ गेलेलं होतं, हे दोघींना एकदमच कळलं. डोळे स्टुडिओवाल्याने वरून रंगवले होते.

“कुठला देऊ?” तिने विचारलं.

मी म्हटलं, त्या माउलीने जन्मभर जो पाहिला, तोच. खपली काढणारी तू कोण? तिला पटलं नाही, पण तिने फटकारे पुन्हा जागच्या जागी आणले.

फोटो नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी शिंपीकाका परत दारात. 

“आई म्हणते, हे डोळे मीच रंगवून घेतले होते. आता जाण्याआधी तिला पोरीचे खरे बघायचेत. तुमच्या मशीनमध्ये सापडतील का?”

भिंगने माझ्याकडे पाहिलं. मिटलेल्या डोळ्यांची ती फाईल काढून टाक, असं मी तिला तीनदा बजावलं होतं. तिने टाकली नव्हती.

प्रिंटर सुरू झाला. कागद सावकाश बाहेर येऊ लागला, तसे शिंपीकाका चष्मा पुसत पुढे झाले. मी त्यांच्यामागे खुर्ची सरकवली.