आमच्या साडूंचा सैतान

आमच्या साडूंइतका नियमाने वागणारा माणूस खुद्द सैतानाच्याही पाहण्यात आला नसेल. हे मी अंदाजाने म्हणत नाही. साडूंनी सैतानाशी केलेला करार मी स्वतः वाचलेला आहे. नऊ पानांचा आहे आणि अस्सल जर्मनमध्ये आहे. आत्मा कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत आणि कोणत्या अवस्थेत ताब्यात द्यायचा, वापराने झालेली नेहमीची झीज कोणी सोसायची, हे सगळं त्यात कलमवार दिलेलं आहे. करार मोडायचा असेल तर तीन महिने आधी लेखी कळवायचं, नाहीतर तो आपोआप एक वर्षाने वाढतो, अशी जिमच्या मेंबरशिपला असते तशी अटही आहे. एवढं वाचून झाल्यावर ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, "अहो, पण सैतान एवढं वाचत बसेल का?" असं विचारलं, तेव्हा साडू गंभीरपणे म्हणाले, "न वाचता सही केली तर तो त्याचा प्रॉब्लेम."

हा करार साडूंच्या सिनेमातला आहे. सिनेमा वेस्टर्न आहे. घोडा, टोपी, पिस्तूल, पाठीत गोळी लागून मेलेला एक काऊबॉय आणि सूड घेण्यासाठी त्याला पुन्हा जमिनीवर पाठवणारा सैतान. काऊबॉय मराठी बोलतो, बाकी गाव जर्मन बोलतं आणि कुणाला त्याचं काहीही वाटत नाही. बजेट इतकं बेताचं, की नरक उभा करायला सायकलीचे मागचे लाल दिवे वापरले आणि धुरासाठी ताईंच्या देवघरातला ऊद.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही फ्रँकफर्टला, ते स्टुटगार्टजवळच्या बॉबलिंगेनला. मोटारींच्या सीटा तपासणं हा त्यांचा धंदा. माणसाच्या बुडाच्या आकाराचं एक यंत्र दिवसभर सीटवर बसतं आणि उठतं, साडू शेजारी उभे राहून सीट कधी हार मानते याची नोंद करतात. या नोकरीमुळे ते कुठेही नुसते बसू शकत नाहीत. आमच्या नव्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी सोफ्यावर आधी मूठ दाबली, मग गुडघा दाबला, मग तीनदा बसून उठले आणि "चार वर्षं. जास्तीत जास्त साडेचार," असं सांगून खुर्चीवर जाऊन बसले. नियमांचं तर विचारूच नका. एका रविवारी सकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसताना ते माणसांच्या लाल दिव्याला थांबले. समोरच्या थांब्यावर आमची बस आली, थांबली, ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं, आम्ही ड्रायव्हरकडे पाहिलं आणि बस निघून गेली. मी चिडलो तर म्हणाले, "साडूभाऊ, पुढची वीस मिनिटांनी आहे. गेनाऊ वीस, अगदी बरोब्बर." जणू काही ती त्यांनीच माझ्यासाठी मागवली होती.

असा माणूस वेस्टर्नच्या नादाला कसा लागला, हे इथे न राहणाऱ्याला खरं वाटणार नाही. आठवडाभर दात काढणारी, हिशेब तपासणारी, बालवाडी चालवणारी साधी जर्मन माणसं शनिवारी टोप्या आणि बूट घालून जंगलाकडेला बांधलेल्या लाकडी गावात काऊबॉय होऊन राहतात. त्यांचं रीतसर मंडळ असतं, फेराइन. ऑफिसमधल्या कुणीतरी साडूंना तिथे नेलं. साडूंना घोडे आवडले नाहीत, बिअर तर ते पीतच नाहीत. पण सलूनच्या दारावर पिस्तुलं कुठे टांगावीत याची लॅमिनेट केलेली नियमावली दिसली आणि ते तिथल्या तिथे सभासद झाले. वर्षभरात सभांचं इतिवृत्त लिहिण्याचं काम त्यांच्याकडे आलं. पुढच्या वर्षी त्यांनी सभेत सिनेमाचा ठराव मांडला. तो सर्व विरुद्ध एक मताने मंजूर झाला. विरोध घोड्याच्या मालकिणीचा होता.

घोडा मंडळाकडे एकच. लोट्टे नावाची म्हातारी घोडी. तिला पिस्तुलाच्या आवाजाची भीती आणि पळण्याचा कंटाळा. म्हणून पाठलागाच्या प्रसंगात लोट्टे उभी राहायची आणि कॅमेरा धरलेला माणूस तिच्या बाजूने पळायचा. पिस्तुलं खेळण्यातली, पण तीही उघड्यावर काढायची म्हणून साडूंनी नगरपालिकेच्या ऑर्डनुंग्जआम्टला, म्हणजे सुव्यवस्था खात्याला, तीन पत्रं लिहिली. परवानगी आली ती शनिवारी अकरा ते साडेबारा. त्यामुळे या सिनेमातले सगळे खून सकाळी साडेअकराच्या उन्हात होतात. सव्वाबारानंतर साडू कुणालाही मरू देत नसत. "आवरायला पंधरा मिनिटं लागतात," म्हणायचे.

काऊबॉय साडूच होते, कारण मराठी संवाद दुसऱ्या कुणाला येईनात. सैतान होणार होते मंडळाचे अध्यक्ष, एक निवृत्त दंतवैद्य. पण मध्येच बसकण मारलेल्या लोट्टेला उठवण्याच्या एका प्रसंगात, जो पटकथेत नव्हता, त्यांची पाठ धरली. डॉक्टरांनी त्यांना वाकायला आणि ओरडायला बंदी केली. मग त्यांना खुर्चीत बसवून कॅमेरा दिला आणि सैतानाची जागा रिकामी झाली. नेमके त्याच सुमारास आमचे सासरे तीन महिन्यांच्या व्हिसावर साताऱ्याहून आले.

अण्णा साताऱ्याच्या कोर्टात बेलिफ होते. आयुष्यभर लोकांच्या दारांवर थाप मारून समन्स आणि जप्तीच्या नोटिसा बजावल्या. उंच, सडसडीत, आवाज खर्जातला. दार उघडणाऱ्या माणसाकडे असे बघत, की त्याला न केलेलं कर्जही आठवावं. साडूंनी फार भीतभीत विचारलं. अण्णा म्हणाले, "काय करायचं असतं?"

"दारावर थाप मारायची आणि मुदत संपली म्हणून सांगायचं."

"एवढंच ना? ते मी छत्तीस वर्षं केलंय," अण्णा म्हणाले. शिंगं मात्र त्यांनी साफ नाकारली. "नोटीस बजावायला शिंगं लागत नाहीत." साडूंचा काळा हिवाळी कोट घातला, हातात करार घेतला आणि पहिल्याच दिवशी निवृत्त दंतवैद्यांच्या अंगावर काटा आला. अडचण एकच होती, जावयाला अरेतुरे करणं अण्णांच्या जिभेला जमेना. त्यामुळे आमचा सैतान आत्म्याला अत्यंत आदराने नरकात नेतो. "चला. उशीर होतोय तुम्हाला."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. लग्न ठरताना अण्णांनी साडूंना विचारलं होतं, "मुलीला जर्मनीला किती वर्षं नेताय?" साडू म्हणाले होते, "दोन. मग परत." त्याला सोळा वर्षं झाली. आपल्याकडचा प्रत्येक इंजिनिअर हेच सांगून विमानात बसतो. त्यात खोटं बोलायचा कुणाचा हेतू नसतो. आधी प्रोजेक्ट वाढतं, मग मुलाची शाळा सुरू होते, मग घराचे हप्ते सुरू होतात. मी सहा वर्षांनी धाकटा जावई झालो तेव्हा शहाणा होऊन आकडा सांगितलाच नाही आणि अण्णांनीही मला विचारला नाही. पण साडूंनी आकडा सांगितला होता. लाल दिव्याला बस सोडणाऱ्या माणसाने आयुष्यात मोडलेली ही एकच गोष्ट. अण्णा त्यावरून कधी एक शब्द बोलले नाहीत. दर रविवारी फोनवर ते साडूंना "थंडी किती आहे?" विचारायचे, साडू अंशांत उत्तर द्यायचे आणि फोन ताईंकडे जायचा. सोळा वर्षं सासरे-जावई फक्त तापमानावर बोलले. मध्ये सासूबाई गेल्या. तेव्हा साडू तेरा दिवस साताऱ्याला राहिले. तेव्हाही अण्णांनी विचारलं, "तिकडे बर्फ पडला असेल?"

साडूंच्या पटकथेत सैतान काऊबॉयला सूडासाठी दोन वर्षांची मुदत देतो. काऊबॉय खाली येतो, विहीर खणतो, कुंपण घालतो, सूड आज-उद्यावर ढकलतो आणि मुदत उलटून जाते. मी ती वाचून साडूंकडे नुसतं पाहिलं. ते म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं बघा, हे मी अण्णांचा व्हिसा यायच्या आधीच लिहिलंय. तारीख आहे फाइलवर." मग म्हणाले, "ते एकदा माझ्यावर रागावले असते ना साडूभाऊ, तर बरं झालं असतं. मी सोळा वर्षं तयारीत बसलोय." मला त्यांची दया आली आणि आकडा न सांगितल्याची थोडी लाजही वाटली.

शेवटचा प्रसंग अण्णांच्या परतीच्या आधीच्या शनिवारी ठेवला होता. गावाबाहेर दगडाची बंद पडलेली खाण, तिच्यात फळ्यांची एक झोपडी. सैतान येतो, थाप मारतो, म्हणतो, "मुदत संपली. चला." काऊबॉय म्हणतो, "पुरावा काय?" आणि पिस्तूल काढतो. वारा सुटला होता. ताई धुपाटणं घेऊन दगडाआड बसल्या होत्या, मी लाल दिवे धरून उभा होतो आणि दंतवैद्य खुर्चीतून कॅमेरा चालवत होते. अण्णा आले. थाप मारली, तीनदा, कोर्टाची. साडूंनी दार उघडलं. अण्णांनी हातातला करार पाहिला, घडी घातली आणि म्हणाले, "दोन वर्षं म्हणाला होतात."

साडूंचा हात पिस्तुलावर होता. तो खाली आला. "हो अण्णा."

"सोळा झाली."

"हो."

"हिच्या आईनं तुमच्यासाठी वरची खोली रंगवून घेतली होती. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी मी म्हटलं, कशाला? तर म्हणाली, ते शब्दाचे पक्के आहेत."

साडूंनी डोक्यावरची काऊबॉयची टोपी काढली. "चुकलं माझं, अण्णा," म्हणाले. "दर वर्षी निघायचं ठरवलं. दर वर्षी राहिलो. इथं आवडायला लागलं, हे तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही." दगडामागे ताई रडत होत्या. मला दिवे खाली ठेवावेत की धरून राहावं, समजेना.

अण्णा म्हणाले, "हे तेव्हाच सांगितलं असतंत तर मी खोली भाड्यानं दिली असती." आणि त्यांनी घडी केलेला करार साडूंच्या खिशात ठेवला, वरून दोनदा थोपटला. "बेलिफाचं काम नोटीस पोचवायचं. ती पोचली. वसुली माझ्याकडे नसते."

"परफेक्ट!" डॉक्टरांची बंदी विसरून दंतवैद्य खुर्चीतून ओरडले. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं, पण त्यांचे डोळे भरून आले होते. "एवढा नॅचरल डेव्हिल मी पाहिला नाही!" साडूंनी घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुसरा टेक घेतला नाही.

अण्णा सोमवारी गेले. साडूंनी घरी फिल्म लावली तर चित्र उत्तम आणि आवाज सगळा वाऱ्याने खाल्लेला. सैतान तोंड हलवतो आणि ऐकू येतं ते नुसतं घोंघावणं. साडूंनी त्या रविवारी फोनवर तापमान सांगायच्या आधीच ही बातमी सांगितली. म्हणाले, "अण्णा, तुमचा आवाज पुन्हा घ्यावा लागेल. मोबाइलवर बोलून पाठवाल का?" अण्णा म्हणाले, "मोबाइलवर नाही. आवाज इथं आहे. येऊन घेऊन जा."

साडू गेले. चांगला माइक, त्याचा स्टँड, हेडफोन, सगळं घेऊन. एरवी तीन वर्षांतून एकदा, कुणाच्या तरी लग्नाला दहा दिवस जाणारा हा माणूस पुरते चार आठवडे साताऱ्यात राहिला. परत आला तो आवाज न घेताच. "अण्णांचा घसा बसला होता," म्हणाले. पुढच्या वर्षी गेले तेव्हा समोर बांधकाम चालू होतं. त्याच्या पुढच्या वर्षी दोघांनी मिळून वरच्या खोलीतला पंखा बदलला आणि त्यात सुट्टी संपली. फेराइनमधली माणसं दर सभेत विचारतात, सिनेमा कधी? साडू इतिवृत्तात लिहितात, "ध्वनीचे काम चालू आहे." ताईंनी विचारणं सोडून दिलं आहे. त्या आता नुसत्या सोबत जातात.

परवा साडू आमच्याकडे आले होते. नव्या सोफ्याची रीतसर तपासणी करून बसले. मी सिनेमाचं विचारलं. यंदा आवाज घेतला, म्हणाले. अण्णा स्वतःहून माइकसमोर बसले, सगळे संवाद एका दमात म्हणाले. पण आवाज फार बारीक झाला आहे. तीन वर्षांपूर्वीच्या त्या उंच माणसाच्या तोंडी तो बसत नाही. शब्द बसतात, आवाज बसत नाही.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय," साडू म्हणाले, "पुन्हा घ्यायला हवा. नोव्हेंबरची तिकिटं काढलीत."