कापसाला हात न लावणारी

दिवाळीच्या पुढेमागे आमच्याकडची सगळी रानं पांढरी व्हायची आणि मी घरात बसायचे. घरात तरी कुठे सुख? वेचलेला कापूस गाड्या भरून मानवतच्या बाजारात जाईपर्यंत मधल्या खोलीत आढ्यापर्यंत पडलेला असायचा, आणि स्वयंपाकघरात जायची वाट त्याच खोलीतून होती. मी मागच्या दाराने, गोठ्याला वळसा घालून जायचे. पावणे विचारायचे, "ही पोरगी शेणातून का चालायलीय?" घरचे विषय बदलायचे.

मला कापसाची भीती वाटते. आता या वयात सरळ सांगून टाकते. सापाची, विंचवाची, भुताची वाटली असती तर लोकांनी समजून घेतलं असतं. कापूस चावत नाही हे मलाही कळत होतं, तेवढी मी वेडी नव्हते. पण चिमटीत धरून ओढला की त्याचा एक बारीक, कोरडा, करकरता आवाज होतो. तो कानाला जेमतेम येतो, बोटांना मात्र चांगला कळतो. तो आठवला तरी माझे दात आंबतात आणि जीभ आत ओढली जाते. हे लिहिता लिहिता मी एकदा उठून हात धुऊन आले.

सूत चालायचं, कापड चालायचं. "मग अंगावरचं लुगडं कशाचं हाय गं? केळीच्या पानाचं?" असं चुलत्या विचारायच्या आणि एकमेकींना टाळ्या द्यायच्या. मी अंगाने काटकुळी होते, त्यावरून "हिला तर कापूस महागच झालाय" हे ठरलेलं. मला त्यांचा फार राग यायचा. एकदा चुलत बहिणीने मागून येऊन माझ्या मानेवर उललेलं बोंड घासलं, तेव्हा मी तिच्या मनगटाला चावले. आठ दिवस वळ होता आणि आठ दिवस घरात माझ्याशी कोणी धड बोललं नाही.

निजामाचं राज्य जाऊन एखाद-दोन वर्षं झाली होती. त्या दिवसांत कुठल्याही दुखण्याचं कारण रझाकार असायचे. गावाने सुतावरून स्वर्ग गाठला. रझाकार आले तेव्हा हिला कापसाच्या ढिगात लपवलं होतं, जीव गुदमरला, तेव्हापासून हिने धसका घेतला. ही गोष्ट इतक्या लोकांनी सांगितली की माझ्या वडिलांनाही ती आठवायला लागली. खरं तर तेव्हा आम्ही सगळे पालमकडे मामाच्या गावी होतो आणि तिथे मला कोणी कशात लपवलं नव्हतं. मी आधीपासूनच अशी होते. आईने एका शनिवारी मला पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात नेलं, माझा हात आपल्या हातात धरून कापसाच्या वातीचा दिवा लावला. मी डोळे गच्च मिटून घेतले होते. येताना बैलगाडीत तिने विचारलं, "आता बरं वाटायलंय का?" मी हो म्हणाले. ती फार थकलेली दिसत होती.

माझं लग्न जमलं ते एका वाक्यावर. मंडळी बघायला आली तेव्हा मामाला वाटलं, लपवाछपवी नको, पुढे पोरीलाच जड जाईल. चहा झाल्यावर तो म्हणाला, "पावणं, एक गोष्ट आदीच सांगतो. आमची पोरगी कापसाला हात लावीत न्हाई."

त्यावर माझे होणारे सासरे खुशीत मान डोलावून म्हणाले, "लावूच न्हाई की! आमच्यातबी सून रानात जायची न्हाई."

आमच्याकडे कापसाला हात लावत नाही म्हणजे वेचणीला जात नाही, आणि वेचणीला जात नाही ती मोठ्या घरची. मामाने दुखणं सांगितलं, त्यांनी खानदान ऐकलं. मामाला वाटलं, किती समजूतदार माणसं. त्यांना वाटलं, केवढं मोठं घर. दोन्हीकडची मंडळी खूश झाली आणि सुपारी फुटली. मी दाराआड सगळं ऐकत होते. बाहेर जाऊन सांगावं असं एकदा मनात आलं, पण बघायला आलेल्यांसमोर पोरगी आपणहून बोलायला लागली तर तेवढ्यावरच लग्न मोडलं असतं. मी दाराआडच राहिले.

सासरची शेती बेताची होती. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, स्वतः लुगड्याची ओटी करून कापूस वेचायला जायच्या आणि सून घरात. सासरे पारावर बसून सांगायचे, आमची सून कापसाला हात लावीत नाही. लग्नानंतर थोड्याच दिवसांत आत्याबाईंनी माझ्यापुढे देवाच्या वाती वळायला कापूस ठेवला. त्या बाहेर गेल्या तेव्हा मी जुनं धडपं फाडून त्याच्या वाती केल्या. संध्याकाळी त्यांनी निरांजन उचललं आणि थांबल्या.

"देवाला चिंधीची वात? रॉकेलच्या चिमणीला लावतेत तसली?"

मी सांगून टाकलं. त्यांनी निरांजन खाली ठेवलं. "तुझ्या मामानं त्या दिशी सांगितलं, ते हेच व्हय?"

"हो."

आणि त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "मामंजींला सांगू नको बरं. गावभर सांगून बसलेत ते." त्या दिवसापासून वाती त्याच वळायच्या आणि मी वळल्या असं सांगायच्या. आत्याबाई चांगल्या होत्या. हे आधी लिहून ठेवते.

तिसऱ्या वर्षी मला दिवस गेले. संक्रांत झाली की बाळंतपणाला माहेरी न्यायचं ठरलं होतं. पण पौषातच, सातव्या महिन्यात, पोट दुखायला लागलं आणि मुलगी झाली. तिचं तोंड बत्ताशाएवढं होतं. सुईण म्हणाली, "सातमाशी हाय. कापसात ठिवा, तर जगंल."

दुसऱ्या दिवशी अंगणात पिंजारी येऊन बसला. मी बाजेवर पडून त्याच्या धनुकलीचा टणत्कार ऐकत होते. पिंजलेला कापूस सुपात भरून आत आणला, त्यात पोरीला ठेवलं, वरून पुन्हा कापूस. नाक, तोंड, डोळे तेवढे उघडे. आत्याबाईंनी ते सूप माझ्यापुढे धरलं. "घे की. तुझीच हाय."

मी हात पुढे केले आणि मागे घेतले. पुन्हा केले. मला जमलं नाही. त्यांनी सूप शेगडीजवळच्या बाजेवर ठेवलं.

तिला ओढून पिण्याइतकी ताकद नव्हती. मी वाटीत दूध पिळून द्यायचे आणि आत्याबाई त्यात कापसाचा बोळा भिजवून तिच्या ओठांवर थेंब सोडायच्या. अडाण्याला आपण विचारतो, बोळ्याने दूध पितोस का. आमच्या घरी ते खरोखरच चाललं होतं. मी भिंतीकडे तोंड करून बसायचे. माझं लेकरू माझ्यापासून चार हातांवर होतं आणि रोज मी स्वतःला सांगायचे, उद्या उचलीन.

बाराव्या दिवशी दुपारी घरात मी एकटी होते. बाकीचे रानात होते, आत्याबाई विहिरीवर गेल्या होत्या. पोरगी बारीक रडत होती. मग थांबली. झोपली असेल म्हणून मी वाकून पाहिलं तर ओठ निळे पडायला लागले होते. ती गार पडत होती, तिला उराशी धरायला हवं होतं. मी हाका मारल्या. वेचणीच्या दिवसांत दुपारी गावात असतं कोण? मी हात पुढे केला आणि तो मधेच थांबला. माझा स्वतःचा हात. मी त्याला चावले, तरी पुढे जाईना.

शेगडीतले निखारे सारखे करायला चिमटा ठेवलेला होता. तो मी घेतला आणि त्याने कापूस ओढून काढायला लागले, एकेक पुंजका, बाजूला टाकत. तो करकर आवाज लोखंडातून माझ्या हातात येत होता. मधे मला ओकारी झाली. तोंड पुसलं आणि पुन्हा सुरू केलं. चिमटा तिच्या अंगाला कुठेच लागू दिला नाही. सगळी मोकळी झाल्यावर मी तिला उचललं, चोळीच्या आत उघड्या अंगाशी धरलं, वरून पदर आणि गोधडी घेतली आणि भिंतीला टेकून बसले.

थोड्या वेळाने तिने पाय हलवला. मग ती माझ्या छातीवर तोंड घासायला लागली. मी तिचा कान बघत होते. कानाची पाळी इतकी पातळ होती की उजेड पलीकडून दिसायचा. मला त्या वेळी फार सुख झालं. मी रडत होते आणि हसत होते, आणि आत्याबाई कधी येतात असं झालं होतं, त्यांना दाखवायला.

त्या आल्या तेव्हा त्यांना काय दिसलं? सूप रिकामं. जमिनीवर चिमटा. सगळीकडे कापूस, त्यातला एक पुंजका शेगडीत पडून धुमसत होता. खोलीत धूर. त्यांची घागर तिथेच आपटली. माझ्या चोळीतून त्यांनी पोर ओढून घेतली.

"काय करायली होतीस गं? चिमट्यानं? थंडीत उघडी केलीस?"

आवाज ऐकून, रानातून नुकतीच परतलेली शेजारची म्हातारी दारात आली. तिने आधी कापूस पाहिला, मग चिमटा, मग मला. संध्याकाळपर्यंत गावात झालं की हिने लेकराला चिमट्याने भाजलं. पोरगी झाली म्हणून. मोठ्या घरची ना. पुढच्या बाजारी ते मानवतपर्यंत गेलं. नवऱ्याने विचारलं, "खरं हाय का?" मी म्हणाले, "न्हाई." तो "बरं" म्हणाला आणि बैल सोडायला गेला.

दिवेलागणीला आत्याबाई माझ्याजवळ बसल्या. "मला ठाऊक हाय गं तू चिमटा कशाला घेतलास ते," त्या हळू म्हणाल्या. "पर आता लोकांला काय सांगायचं? सुनेला कापसाचं भ्या हाय म्हणून? मामंजींनी तोंड कुठं दाखवायचं?" मी म्हणाले, नका सांगू. मला वाटलं, चार दिवसांची गोष्ट, विसरतील. पण त्या दिवसानंतर त्यांनी पोरीला माझ्याजवळ एकटीला ठेवलं नाही. विहिरीवर जातानाही कोणाला तरी बसवून जायच्या.

पोरगी जगली. दीड-दोन महिन्यांनी कापूस काढला, तिला न्हाऊ घातलं आणि बायकांच्या देखत माझ्या मांडीवर दिलं. तोवर माझं दूध आटलं होतं. ती ताठ झाली आणि आत्याबाईंच्या आवाजाकडे मान वळवून रडायला लागली. बायका माझ्या हातांकडे बघत होत्या. मला रडू आलं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पायाला टोचलेलं कळत नाही, तसं माझं आत कुठेतरी झालं होतं, आणि ते पुढे तसंच राहिलं. मी स्वयंपाक करत होते, पाणी भरत होते, विचारलं तर उत्तर देत होते. वेचणीला तेवढी जात नव्हते.

ती बोलायला लागली तेव्हा आत्याबाईंना माय म्हणायची. मला धाकटे दीर वैनी म्हणायचे, म्हणून तीही वैनी म्हणायची. कोणी तिला बदलायला लावलं नाही. मीही नाही.

नवं मराठी राज्य झालं म्हणून गावात साखर वाटली, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी अंगणात जोंधळे निवडत होते. आत्याबाई ओसरीवर पोरीसाठी अंगडं शिवत होत्या. पोर खेळून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. बाहेर कुणीतरी काहीतरी सांगितलं असणार.

"वैनी, तू मला मारणार होतीस?"

"न्हाई गं."

"मग चिमटा कशाला घेतलास?"

पाच वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना माहीतच होतं. मी सूप खाली ठेवलं. "तू गार पडली होतीस. तुला कापसातून काढून उराशी धरायचं होतं. मला कापसाची भीती वाटते, म्हणून चिमट्यानं काढलं."

ती म्हणाली, "खोटं. कापसाला कुणी भेतं का?"

मी ओसरीकडे पाहिलं. सबंध गावात हे खरं आहे असं सांगू शकणारं एकच माणूस तिथे बसलेलं होतं, आणि पोर त्यांचंच ऐकायची. तीही माझ्याबरोबर तिकडे बघायला लागली. "माय, ही खरं सांगायलीय का?"

आत्याबाईंनी दोरा दाताने तोडला. "ये इकडं," त्या म्हणाल्या, "हे अंगडं घालून बघ."

पोर पळत गेली. आत्याबाईंनी तिच्या गळ्यात अंगडं घातलं, बाह्या ओढून सारख्या केल्या आणि तिला जवळ घेतलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. अंगडं तिला नीट बसलं होतं.