बिजलीची काच

काल रक्त तपासायला गेले आणि लॅबच्या दारातच रक्ताच्या काचा रंगवायच्या जांभळ्या औषधाचा वास आला. एकदम अंबाजोगाईची ती दुपार आठवली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिथल्या दवाखान्यात मी सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाच्या काचा तपासायचे. ऐन लग्नसराईत धारूरचे जनावरांचे डॉक्टर कागदात गुंडाळलेली रक्ताची काच घेऊन आले. मागे घोडीवाले खलीलचाचा. नवरदेवांना मिरवणारी त्यांची बिजली चार दिवस तापानं फणफणली होती.

"लोक म्हणत्यात, नजर लागली," चाचा म्हणाले. "तुमीच बघा, बाई."

"मला गोचीडतापाचा संशय आहे," डॉक्टर म्हणाले. "पण औषध जहाल आहे. खात्री नसताना टोचलं तर घोडी जाईल."

"आता घोड्यांचंही रक्त तपासा!" शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसला. हसू दे म्हटलं. काच रंगवली आणि तासभर भिंगाखाली सरकवत राहिले, डोळ्यांना पाणी आलं. मग एका लाल पेशीत चार इवले ठिपके दिसले, फुलीसारखे जुळलेले. मलेरियात असं कधीच पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर, हे बघा!" मी ओरडलेच. त्यांनी पाहिलं, "गोचीडतापच!" म्हणाले आणि बॅग उचलून धारूरची गाडी गाठली.

महिन्याभरानं खिडकीखाली घुंगरं वाजली. चाचांनी लगाम हलवला, आणि पांढरीशुभ्र बिजली पुढचा पाय मुडपून माझ्यासमोर झुकली.

बरी झालेली माणसं डॉक्टरांच्या पाया पडायची. काच बघणाऱ्या बाईला सलाम करायला एक बिजलीच आली.