पाठीमागून श्रुतलेखन

वत्सलाबाईंनी योगराज मराठेला पहिल्यांदा नीट पाहिलं ते भांडायला गेल्या तेव्हा. सुरतेच्या लिंबायतमध्ये त्यांच्या घराला लागूनच लूमचं, म्हणजे यंत्रमागांचं खातं होतं. चोवीस लूम चालू झाली की भिंत थरथरायची आणि फळीवरच्या वाट्या सरकत सरकत काठाशी यायच्या. बाई तेव्हा मराठी शाळेत शिकवत. खात्याच्या दारात उभ्या राहून त्या जे बोलल्या ते त्या खडखडाटात त्यांचं त्यांनाही ऐकू गेलं नाही. दहा पावलांवर धागा जोडत असलेला एक पंचविशीचा कारागीर मात्र हातातलं काम संपवून बाहेर आला.

"वाट्या पडतात ना, बाई? भिंतीकडची दोन लूम आत घ्यायला सांगतो शेठला."

"तुला एवढ्यात ऐकू कसं आलं?"

"ऐकू कुठं आलं? तुमच्या तोंडाकडं बघत होतो."

दोन लूम खरोखरच आत सरकली. पुढे सोळा वर्षांत योगराजने पांडेसऱ्यात स्वतःची लूम घातली, आणि बाई निवृत्त झाल्या. जाता-येता नमस्कार होई, तेवढाच संबंध.

मग एका रविवारी तो हवामानशास्त्राचं जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आला. विमानतळाजवळच्या एका उड्डाणशाळेला विमानांवर घालायच्या खोळी हव्या होत्या. मापं घ्यायला गेला असता त्याने एक छोटं विमान इंजिन उघडून ठेवलेलं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी खोळींऐवजी स्वतःचंच नाव नोंदवून आला. खाजगी वैमानिकाचं लायसन्स काढायचं होतं. धंद्यासाठी नाही, नुसतं उडण्यासाठी. पुस्तकातली निम्मी वाक्यं कळत नव्हती, म्हणून बाईंकडे.

त्याची बायको मंदाही सोबत आली होती. घरात अहिराणीच चाले. ती दारातूनच म्हणाली, "धड स्कूटर चालाडता येत नही, नि वर जाई राहिनात! बाई, तुमीच काही सांगा यासले."

बाईंनी पुस्तक उघडून ढगांचं प्रकरण काढलं.

पुस्तकाचं जमलं. अडलं ते वर. त्याला शिकवणारे प्रवीणसर शेजारच्या खुर्चीत बसत. ते काही बोलले की योगराजची मान गर्रकन त्यांच्याकडे वळे, आणि सूचना पाळायचा अगदी बिनचूक. उड्डाणाचे दहाबारा तास हे चाललं. एकदा उतरता उतरता सर वैतागले.

"योगराजभाई, समोर बघा! माझ्या तोंडावर काय उंची लिहिली आहे?"

खाली उतरल्यावर त्यांनी हातातला नकाशा तोंडासमोर धरला आणि चार साध्या सूचना दिल्या. योगराजला दोनच कळल्या. सरांनी नकाशाची घडी घातली. मग त्यांनी सांगितलं की एकट्याने उडायच्या आधी वैद्यकीय तपासणी असते. तीत डॉक्टर पाठीमागे उभे राहून बोलतात आणि उमेदवाराने भिंतीकडे तोंड करून उत्तर द्यायचं असतं. तिथे नापास झाला तर एकट्याने उडणं नाही, आणि लायसन्सही नाही.

हे सगळं त्याने बाईंना सांगितलं ते त्यांच्याकडे ठेवलेलं पुस्तक परत न्यायला आला तेव्हा. आवाजात रडवेपणा नव्हता. बिघडलेल्या यंत्राबद्दल बोलावं तसं बोलत होता.

"बावीस वर्षं लूमवर, बाई. कान तिथेच गेले असणार."

"गेले हे कुणी तपासलं?"

"कुणी नाही."

"मग खुर्ची भिंतीकडे फिरव. वही काढ."

बाईंनी आयुष्यात हजारो मुलांना श्रुतलेखन घातलं होतं. आपल्याकडे पाठ करून बसवून मात्र कुणालाच नाही. त्या दोन हात मागे उभ्या राहिल्या आणि प्रवीणसरांनी लिहून दिलेले, विमानतळाच्या टॉवरवरून वैमानिकाला येणारे निरोप नेहमीच्या आवाजात वाचू लागल्या. पहिल्या दिवशी वीसपैकी आठ ओळी बरोबर आल्या. योगराज दर ओळीला मागे वळायला जाई.

"वळायचं नाही, योगराज."

"सवय आहे हो, बाई."

"सवयच आहे की कान, तेच तर बघायचंय."

पाचव्या दिवशी चौदा ओळी आल्या. चुका बाईंनी लाल पेनाने वेगळ्या काढल्या, तेव्हा बहुतेक एकाच जातीच्या निघाल्या. तो 'फाइव्ह'चा 'नाइन' करत होता. ओठांवर हे दोन आकडे अगदी वेगळे दिसतात. नुसत्या कानाला ते भावंडं वाटतात.

"म्हणूनच वर नाइनला नायनर म्हणतात, बाई," योगराज भिंतीकडे बघत म्हणाला. "पुस्तकात होतं. मला वाटलं, साहेबी थाट असेल."

त्यानंतर बाईही नायनर म्हणू लागल्या. तीन आठवड्यांनी अठरा-एकोणीस ओळी येऊ लागल्या. उजवा कान बराचसा शाबूत होता. डाव्याचं काम खरंच कमी झालं होतं. पण दोन्ही कानांचं काम बरीच वर्षं डोळेच करत आले होते.

तपासणीच्या दिवशी बाई घरीच थांबल्या. दुपारी मंदा आली, तिच्या फोनवर योगराजचा फोन आला होता. पास झाला होता. डाव्या कानावर लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं.

"पास व्हयनात," मंदा म्हणाली, आणि बाईंच्या ओट्यावर बसून राहिली. "मी सांगू का बाई, माले वाटे, नही व्हनार. तेच बरं वाटे माले." मग जरा थांबून म्हणाली, "आते बरं वाटी राहिनं की नही, समजत नही."

दोन महिन्यांनी योगराज एकटा उडाला. धावपट्टीवरून उठून, एक फेरी घेऊन, उतरला. शेजारची खुर्ची रिकामी होती, त्यामुळे मान एकदाही वळली नाही, असं त्याने नंतर बाईंना सांगितलं. लायसन्स हातात यायला आणखी वर्ष गेलं.

आता तो महिन्यातून एखाद्या रविवारी तासभर उडतो. बाकीचे दिवस पांडेसऱ्याच्या खात्यातच असतो. तिथे पाळी सुरू होताना तो दारात उभा राहून प्रत्येक कारागिराला कानात घालायचे बोळे देतो. निम्मे जण ते खिशात ठेवतात.