भाऊजींचा तिसरा खटका

आमच्या भाऊजींना कुठलीही जड वस्तू जमिनीवर निवांत टेकलेली बघवत नाही. फ्रिज दिसला की ते आधी त्याच्या खाली डोकावतात, कपाट दिसलं की पायाशी बोटं घालून बघतात. एकदा मी त्यांच्याकडे सोफ्यावर बसून चहा पीत होते, तर कपातला चहा हळूहळू एका कडेला सरकायला लागला. मला वाटलं, चक्करच आली. वळून बघते तर भाऊजी सोफ्यामागे उकिडवे बसून एक लोखंडी दांडा खाली-वर करताहेत.

"हलू नकोस, मेव्हणीबाई," ते म्हणाले. "आत्ता तू वजन आहेस."

माझ्या ताईने या माणसाशी लग्न केलं तेव्हा तो साधा फिटर होता. फिटर अजूनही आहेच, मोठ्या रस्त्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे ट्रक आणि व्हॅन दुरुस्तीला येतात. पण गेली दोन वर्षं त्यांच्या डोक्यात जॅक शिरलाय. चाक बदलायला गाडी उचलतात तो जॅक. बाजारात हवे तितके मिळतात हे मी त्यांना अनेकदा सांगून पाहिलं. त्यावर ते माझ्याकडे असं बघतात, जणू मी त्यांना सांगितलंय की मुलं बाजारात हवी तितकी मिळतात.

आता हे खूळ शिरलं कसं, ते सांगायला हवं.

ताई व्हॅन चालवते. व्हॅन तिची स्वतःची. पहाटे बेकरीतून पाव भरायचे आणि दुकानादुकानांत पोचवायचे. त्या व्हॅनवर तिचा इतका जीव, की पाऊस आला तर आधी व्हॅनच्या काचा बघेल आणि मग वाळत घातलेले कपडे. दोन वर्षांपूर्वी रस्त्यात चाक पंक्चर झालं. तिने गाडी जॅकवर चढवली, चाक बदललं, इथवर सगळं ठीक. पण या दांड्याच्या जॅकचं एक आहे, चढवताना तो अगदी गरीब असतो. दांडा दाबला की गाडी एक दात वर जाते, खटका त्या दातात अडकतो, गाडी तिथेच थांबते. खरा स्वभाव कळतो तो उतरवताना. तेव्हा गाडीचा सगळा भार दांड्यावर येतो, आणि हात जरा सुटला की दांडा उसळतो. ताईचा घामट हात सुटला. दांडा उसळून तिच्या कोपराखाली बसला आणि हाड मोडलं.

हाड जुळलं. हात पूर्वीसारखा चालायला लागला. कणीक मळते, बादल्या उचलते, भाऊजींना ढकलून झोपेतून उठवते, आणि ते काही कमी ताकदीचं काम नाही. फक्त व्हॅन एकटीने बाहेर काढायची म्हटलं की तिला काहीतरी कारण सुचायचं. मग शेजारच्या सीटवर कोणीतरी हवं. ते कोणीतरी म्हणजे मी. माझं शिवणकाम सोडून मी पहाटे पावांच्या ट्रेशेजारी जांभया देत बसायचे. हात अजून दुखतो, असं ती म्हणायची आणि आम्ही मान डोलवायचो.

तेव्हा भाऊजींनी जाहीर केलं, की ते नवा जॅक बनवणार. कोणासाठी ते सांगितलं नाही. "सगळ्यांसाठी," म्हणाले. मनातलं सरळ बोलले तर ते भाऊजी कसले!

पहिला जॅक दिसायला देखणा होता. भाऊजींनी दांडा एका हाताने दाबला आणि व्हॅन लोण्यातून यावी तशी वर आली. मग ताईने दाबला. दांडा हलेना. तिने दोन्ही हातांनी दाबला. मग ती त्याला चक्क लोंबकळली, पाय जमिनीवरून सुटले, आणि दांडा तसाच आडवा. भाऊजींनी सगळी मापं स्वतःच्या हाताने घेतली होती आणि सगळ्या चाचण्या स्वतःच्या वजनाने केल्या होत्या. त्यांचं वजन सांगत नाही, पण सोफा त्यांच्या बाजूला कायमचा खचलाय.

"चुकलं थोडं," ते म्हणाले.

"थोडं?" ताई दांड्यावरून उतरत म्हणाली. "जगातल्या सगळ्यांसाठी की फक्त जाड्यांसाठी?"

दुसऱ्यात त्यांनी दांडा लांब केला. लांब दांड्याला जोर कमी लागतो, हे तर मलाही समजतं. पण तो इतका लांब झाला की व्हॅनचं मागचं दार लागेना. आठवडाभर आम्ही दाराबाहेर आलेल्या दांड्याला लाल फडकं बांधून पाव वाटत फिरलो. दुकानदार विचारायचे, पाव आहेत की पन्हाळी पाइप?

तिसऱ्यात त्यांनी दांडा बेताचा ठेवला आणि पट्टीवरचे दातच बारीक केले. म्हणजे एका दाबाला गाडी अगदी थोडी चढायची, दाब जास्त मारावे लागायचे, पण प्रत्येक दाब हलका. मी स्वतः व्हॅन उचलून बघितली. शिलाई मशीनचं पायडल मारण्यापेक्षा फार जड नव्हतं. मी म्हटलं, झालं! भाऊजींना साखर भरवायलाही निघाले.

"अजून जरासं बाकी आहे," भाऊजी म्हणाले.

हे जरासं पुरतं वर्षभर चाललं. आम्ही हात टेकले. भाऊजी जेवताना चमचा उलटा धरून बघायचे, दाराच्या कडीशी खेळायचे, फरशीवर खडूने दात काढायचे आणि ताई ते पुसून टाकायची. एकदा व्हॅनमध्ये त्या दोघांचं कशावरून तरी भांडण चाललं होतं आणि मी मागे ट्रे धरून बसले होते. ताईने रागाने करकचून ब्रेक मारला. सीटचा पट्टा भाऊजींच्या पोटावर खाडकन आवळला. कोणीही ओरडलं असतं. भाऊजींनी पट्टा हळूच ओढला, तो सुटा आला. हिसका दिला, तो अडकला. पुन्हा हळू, पुन्हा हिसका. भांडण कशावरून होतं ते विसरूनच गेले.

"अगं, हळू ओढलं तर सोडतो," ते म्हणाले. "हिसका बसला तरच धरतो!"

"मला धरा आधी," ताई म्हणाली. "मी अजून रागावलेली आहे."

तेव्हापासून जॅकला दोन खटके होते तिथे तिसरा आला. अंगठ्याएवढा. दांडा माणसाच्या हाताच्या वेगाने हलला, तर हा आपला बाजूला बसून राहायचा. दांडा उसळला, की हा उडी मारून दातात शिरायचा. म्हणजे शिरायला हवा होता. कधी शिरायचा, कधी नाही, कधी कारण नसताना शिरून बसायचा. भाऊजी त्याला घासायचे, त्याची स्प्रिंग बदलायचे, पुन्हा घासायचे. मी त्यांना म्हटलं, याच्यापेक्षा एखादं पोर लवकर वळणावर आलं असतं.

आणि मग बेकरीवाले काका ताईकडे आले. माणूस वाईट नाही, पण धंदा वाढवायचा होता. त्यांना लांबच्या वस्तीतली दुकानं मिळाली होती आणि व्हॅनमधली दुसरी सीट काढून तिथे ट्रे बसवायचे होते. "एकटी जाणार असशील, तर जुनी-नवी सगळी दुकानं तुझी," ते म्हणाले. "नसशील तर मला दुसरी गाडी बघावी लागेल. सोमवारी सांग."

त्या रात्री ताईने व्हॅन धुतली. नंतर आतूनही पुसली, डॅशबोर्डच्या फटी काडीने कोरून काढल्या. निरोप द्यायच्या पाहुण्याचं करावं तसं चाललं होतं तिचं.

भाऊजींनी दुसऱ्या दिवशी शेडच्या मिस्त्रींना सांगितलं, की जॅक तयार आहे.

शेडमध्ये एक रीत आहे. तिथे बनलेला जॅक बाहेर जाण्याआधी मिस्त्री त्याच्यावर लोखंडाची वजनं टाकून टाकून बघतात. तो सगळ्यांत खरा उतरला, की शेवटची परीक्षा बनवणाऱ्याची. गाडी वर घ्यायची, तिच्याखाली लाकडी ठोकळे लावायचे, आणि बनवणाऱ्याने जाऊन खाली झोपायचं. ठोकळे असतात, त्यामुळे जीव जात नाही. पण जॅक फसला तर गाडी चार बोटं खाली आदळते, आणि ती चार बोटं नाकासमोर बघायला छाती लागते. दांडा मात्र दुसऱ्याच्या हातात द्यायचा. मिस्त्री म्हणतात, स्वतःच्या हातात दांडा असला की माणूस आपली चूक सांभाळून घेतो.

शनिवारी दुपारी ताईचीच व्हॅन उभी केली होती. भाऊजी गोणपाटावर आडवे झाले आणि सरकायला लागले. पोटाशी अडकले. ठोकळे काढून मोठे लावावे लागले, तेव्हा कुठे आत गेले. शेडमधली माणसं तोंडावर हात धरून उभी होती, मी तर तोही धरला नाही.

"दांडा कोणाकडे?" मिस्त्रींनी विचारलं.

"हिच्याकडे," व्हॅनखालून आवाज आला.

ताईला हे माहीत नव्हतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मला विचारलंत का?" ती म्हणाली. "माझा हात दुखतो. हिला सांगा," तिने माझ्याकडे बोट दाखवलं, "नाहीतर मिस्त्रींना सांगा."

"विचारलं असतं तर तू आली असतीस का?" भाऊजी खालून म्हणाले.

मिस्त्री बाजूला झाले. ताई पुढे आली. तिने दांडा धरला आणि गाडी आणखी दोन दात वर घेतली. चढवणं सोपं होतं. मग मिस्त्रींनी खुंटी फिरवून जॅक उतरायला लावला, आणि तिचे हात थरथरायला लागले. दोन्ही हात. मोडला होता तो एकच. तेव्हा मला कळलं, की वर्षभरापेक्षा जास्त काळ मी जिच्याशेजारी जांभया देत बसले होते, तिचं हाड कधीच दुखत नव्हतं. ती घाबरलेली होती.

एक दात उतरला. दुसरा उतरला. भाऊजींचे फक्त पाय बाहेर दिसत होते, एका मोज्याला भोक पडलेलं.

"आता सोड," ते म्हणाले.

"काय सोडू?"

"दांडा. हातातून सोडून दे."

"डोकं फिरलंय का तुमचं? खाली तुम्ही आहात!"

"मी आहे म्हणूनच सांगतोय."

"अहो, मला नाही जमणार." ती रडत म्हणाली. ताईला रडताना मी फार क्वचित पाहिलंय. "तो उसळतो. तुम्हाला माहीत नाही कसा उसळतो."

"उसळू दे," भाऊजी म्हणाले. "माझ्यावर सोड."

तिने डोळे मिटले आणि हात काढून घेतले.

खट्. दांडा दोन बोटं वर उडाला आणि तिथेच थांबला. व्हॅन तसूभरही हलली नाही. ताईने डोळे उघडून दांड्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. मग तिने दांडा पुन्हा धरला, थोडा खाली घेतला आणि पुन्हा सोडला. खट्. पुन्हा धरला, पुन्हा सोडला.

"झालं की आता," खालून आवाज आला. "मला बाहेर येऊ दे."

"पडून राहा गुपचूप," ताई म्हणाली. "वर्षभर घालवलंत, आणखी थोडा वेळ काढा."

आणि तिने गाडी वर घेतली, खाली घेतली, मधेच सोडली, पुन्हा वर घेतली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मिस्त्रींनी शेवटी हात जोडले तेव्हा ती थांबली.

भाऊजी बाहेर आले, धुळीने माखलेले. उठून उभे राहायच्या आधीच म्हणाले, "तिसरा खटका किंचित उशिरा बसतोय. अजून जरासं..."

ताईने जॅक उचलला आणि व्हॅनमध्ये टाकला. दार लावलं, स्टिअरिंगसमोर बसली.

"अगं, तो नमुना आहे!" भाऊजी मागे धावले. "एकच आहे तो!"

"मग दुसरा बनवा," ती म्हणाली. "मी काकांना सांगून येते." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेजारची सीट रिकामी घेऊन व्हॅन फाटकातून बाहेर पडली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

भाऊजी फाटकात उभे होते. मी त्यांच्या पाठीवरची धूळ झटकायला लागले, आणि सवयीने टोमणा मारलाच. "बघा, झाला होता की तयार. मी त्या वेळीच म्हटलं होतं, दाब हलका झाला तेव्हाच. उगाच एवढा वेळ लावलात."

"तिच्या हातासाठी तेव्हाच झाला होता," भाऊजी रस्त्याकडे बघत म्हणाले. "पुढचा सगळा वेळ तिच्या भीतीला लागला."

मी नुसती त्यांची पाठ झटकत राहिले, धूळ गेल्यावरही.