भाऊ कुठे उतरला

भाऊ बऱ्याच वर्षांनी अमेरिकेहून येणार होता. बायकोला पहिल्यांदाच परतूर दाखवायचं होतं. वहिनी तिकडेच जन्मलेली, तिकडेच वाढलेली. त्याने ई-मेल केला: औरंगाबादचं मोठं पंचतारांकित हॉटेल आणि मंठा रोडवरचं नवीन गेस्ट हाऊस, दोन्ही बघून ये आणि कुठलं बरं ते कळव. ताई, असली कामं तुझ्याइतकी नीट कोणी करत नाही.

स्टँडजवळच्या सायबर कॅफेत मी ते दोनदा वाचलं. आपल्या घराचा उल्लेखच नव्हता.

माझं सासर मायच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. परत येताना तिच्याकडे गेले, तर ती दारातच उभी.

"काय म्हन्ला? घरी कधी येतो?"

"दिवाळीनंतर."

"मंग पलंग आत्ताच सरकवून घेऊ का?"

मी म्हटलं, थांब जरा.

लग्नानंतर त्याने फोनवर एकदा तिला म्हटलं होतं, "माय, हिला घरी कशी आणू? धड बाथरूम नाही, स्वयंपाकघरात उभं राहवत नाही धुरानं." तो विसरला असेल. मायने ते वाक्य धरून ठेवलं. सारवलेली भुई उखडून फरशी टाकली. चूल फोडली, गॅस घेतला. जातं लांबच्या पाहुण्यांना देऊन टाकलं. मागच्या अंगणात पांढऱ्या टाइल्सचं बाथरूम बांधलं, त्यात कमोड आणि गिझर. स्वतः मात्र जुन्या मोरीतच आंघोळ करायची. नव्या बाथरूममध्ये घडी घातलेला टॉवेल आणि कागदातला साबण तसाच.

"मी कशाला खराब करू? सुनंला नवं दिसू दे."

मी शाळेचं ऑफिस सांभाळते. यादी केल्याशिवाय मी भाजीलासुद्धा जात नाही. तेव्हा कागदावर रकाने आखले आणि दोन्ही जागा बघून आले.

औरंगाबादचं हॉटेल चोख होतं. पाणी, जनरेटर, डॉक्टर, सगळ्यापुढे बरोबरची खूण. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवलेला. खोट एकच, परतूरहून अडीच तास. मायला रोज तिथे नेणं शक्य नव्हतं.

गेस्ट हाऊस आमच्यापासून अर्ध्या तासावर. मुंबईचं जोडपं, तो चित्रं काढतो, ती मडकी घडवते. शेत विकत घेऊन त्यांनी मातीच्या खोल्या बांधल्या होत्या, लोणारचं सरोवर बघायला जाणारे परदेशी लोक तिथे थांबत. शेणाने सारवलेली भुई, सुतळीच्या बाजा, पंखा नाही, न्हाणीला छप्पर नाही. जात्यावर काच टाकून चहाचं टेबल केलेलं.

"आमच्याकडे सगळं अस्सल आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

"विंचू निघतात का?"

"निघाला तर आम्ही त्याला मारत नाही. बाहेर सोडतो."

मी तेही लिहून घेतलं.

मग मी तिसरा रकाना आखला: घर. गरम पाणी आहे, कमोड आहे, पंखा आहे, खिडक्यांना जाळ्या आहेत. माय आहे. गेस्ट हाऊसपेक्षा घर प्रत्येक बाबतीत सरस होतं. भाऊ इंजिनियर आहे, तक्ता बघितला की त्याला उमजेल असं वाटलं.

त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. "गेस्ट हाऊस बुक कर. तिला अस्सल गाव बघायचंय." तिसऱ्या रकान्याबद्दल एक अक्षर नाही.

मायला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "तिथं त्याचं खायाप्यायाचं कोन बघंल?" एवढंच विचारलं.

ते आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला रिक्षाने तिकडे घेऊन गेले. बाजेवर बसल्या बसल्या तिने वाकून भुईवर हात फिरवला.

"शेन पातळ झालं. पोपडे निघतेत."

भावाने हसत ते वहिनीला इंग्रजीत सांगितलं. वहिनी खूश झाली. तिला सासूचा चुलीवर भाकरी थापताना फोटो हवा होता. तिथली स्वयंपाकाची बाई बाजूला सरकली, "बसा मावशी." माय बसली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ती धुराजवळ जात नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"माय, इकडं बघ. हस की जरा," भाऊ कॅमेऱ्यामागून म्हणाला.

"आपल्या घरी गॅस हाय आता," ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "फरशीबी टाकली. संडास-बाथरूम बिलकुल तुमच्यासारखं."

त्याने कॅमेरा खाली घेतला. "चूल काढली? माय, काय करून ठेवलंस हे! मला हिला तीच तर दाखवायची होती."

"तूच म्हन्ला व्हता..."

तोवर तो बायकोकडे वळला होता. मग मीच म्हटलं, "धूर होतो म्हणून फोनवर तूच सांगितलंस."

"ताई, ते तेव्हाचं. तुला तरी कळायला पाहिजे होतं. तू अडवायचंस ना तिला."

माझ्या तोंडावर बरंच काही आलं होतं. माय म्हणाली, "सरक ग, भाकर करपून राह्यली."

जायच्या दिवशी ते घरी जेवायला आले, तासभर. वहिनीने जुन्या दाराच्या कडीचे फोटो काढले. माय बाथरूमचा दिवा लावून दाराशी उभी राहिली. "सांग की तिला, हातपाय धुवायचे असतील तर." भावाने सांगितलं. वहिनी गोड हसली, मान हलवून नको म्हणाली. मायने दिवा बंद केला.

"पुढच्या बारीला घरीच उतरू," निघताना भाऊ म्हणाला.

"तुमच्या सोयीनं उतरा," माय म्हणाली.

महिन्याभराने तिकडून पोस्टाने फोटो आला. मोठा केलेला. चुलीपुढे माय, डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू. शेजारीण बघायला आली.

"काकू, चूल तर तुम्ही फोडली. मंग ही कोनाची?"

"माझा लेक उतरला व्हता तिथली," माय म्हणाली आणि फोटो तिच्या हातातून काढून घेतला.

माय अजून मोरीतच आंघोळ करते. बाथरूममधल्या साबणाचा वास उडत चालला होता, म्हणून तो मी घरी आणून वापरून टाकला. टॉवेलही मागितला. तो तिने दिला नाही.